बहिणीच्या वाट्याचं वाक्य

"देंबादादा, आज तुझ्या बहिणीला थोबाडीत बसणार म्हणे," इलियेस म्हणाला आणि कॉफीचा कागदी कप ओठाला लावून देंबाच्या तोंडाकडे बघत राहिला.

देंबा सिसोको तेव्हा सात नंबरच्या टॉवरच्या दारात, अंगात नारिंगी जाकीट चढवून, येणाऱ्याजाणाऱ्यांना थोपवायचं काम करत होता. एरवी तो बस चालवायचा. रजा टाकून या कामावर आला होता, कारण सिनेमावाल्यांनी त्याला स्वतः बोलावून घेतलं होतं. ही इथली रीतच आहे. पॅरिसहून ट्रक भरून माणसं येतात, आणि वस्तीतली चार वजनदार माणसं पगारावर ठेवली नाहीत तर दुसऱ्या सकाळी ट्रकला चाकं सापडत नाहीत. ज्याच्या एका शब्दावर पोरं गप्प बसतात असा माणूस मिळाला, तर मग सोन्याहून पिवळं. पॅरिसबाहेरच्या पेर्वांश वस्तीत असा माणूस म्हणजे देंबा. चौतिशीचा, दारात मान वाकवून शिरावं लागेल एवढा उंच, आणि आवाज कधी न चढवणारा. लहानमोठी सगळी पोरं त्याला दादा म्हणायची. दादा म्हणवून घेणं त्याला आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

"कोण म्हणालं?" देंबाने विचारलं.

"कागदावरच आहे. वेस्लीने वाचलं. भाऊ बहिणीला या हॉलमध्ये गाठतो, त्या टपालपेट्यांपाशी, सगळ्यांसमोर. आणि मग खाडकन." इलियेसने आवाज तोंडानेच काढून दाखवला. "आम्ही मागे उभे राहणार. आम्हाला हसायचंय. हसायचे पैसे मिळतात, दादा, विश्वास बसेल का तुझा?"

 देंबाने दार वेस्लीच्या ताब्यात दिलं आणि भाडेकरू मंडळाच्या खोलीकडे निघाला. नटनट्यांची रंगरंगोटी तिथे चालायची.

कुंबा आरशासमोर बसली होती. त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी धाकटी, पलीकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात संध्याकाळची पाळी करणारी. म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिचे दंड भरले होते, आणि बाजारात कोणी धक्का मारला तर ती वळून असं काही सुनवायची की ऐकणाऱ्याने पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. सिनेमासाठी माणसं निवडायला आले तेव्हा ती मैत्रिणीबरोबर सहज गेली होती. मैत्रीण मागे राहिली आणि ही निवडली गेली. तेव्हापासून ती घरात भांडी घासतानासुद्धा स्वतःशी बोलायची.

"तू मला सांगितलं नाहीस," देंबा म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

"मी कधी अडवलंय तुला?"

कुंबाने आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. "अडवत नाहीस. विचारतोस. कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस. आणि तू नाही विचारलंस तरी मी कुठल्या बसने उतरले हे तुला चार जण येऊन सांगतातच."

"ते आपणहून सांगतात. मी म्हणतो का त्यांना?"

"नको सांगू असंही नाही म्हणत." मग ती खुर्चीतच वळली. "ऐक ना. सिनेमातल्या भावाचा, आदेलचा, हात लागत नाही गालाला. नाकासमोरून जातो, मान मी वळवते. उशी घेऊन सराव केलाय आम्ही. तू उगीच तोंड पाडू नकोस."

"पण हे असलं काम कशाला?"

"कारण दुसरं नाहीच. पूर्ण सिनेमात बायका तीन. एक आई आहे, ती रडते. एक गाडीत बसलेली पोरगी आहे, ती हसते. आणि एक मी. मला नाव नाही, कागदावर नुसतं 'बहीण' लिहिलंय. तिघींना मिळून बोलायला चार वाक्यं, त्यातली दोन 'नको ना' अशी." ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "म्हणून मी सोफियानकडून एक वाक्य मागून घेतलं. मी स्वतः लिहिलेलं. थोबाडीत बसली की मी पडते, उठते, आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणते, 'झालं? आता बाजूला हो. मला कामाला जायचंय.' मग मी निघून जाते आणि भाऊ तिथेच राहतो. सोफियान म्हणालाय, मार नीट जमला तर वाक्य ठेवतो. तेवढं एक पडद्यावर गेलं ना दादा, तर बाकी काय वाटेल ते होऊ दे. ते वाक्य ऐकल्यावर कोणी मला नुसती बहीण नाही म्हणणार."

देंबाला तिचं म्हणणं पटलं. "बरं," तो म्हणाला. "मी दारातच आहे."

"दारातच राहा," कुंबा म्हणाली.

सोफियानबद्दल सांगायचं तर सिनेमाचा हा दिग्दर्शक काही परका नव्हता. याच टॉवरच्या चौथ्या मजल्यावर वाढला, देंबाबरोबरच फुटबॉल खेळताना गोलपोस्टला आपटून पायाचं नख मोडून घेतलं. मग सिनेमाच्या शाळेत गेला, पॅरिसला राहायला लागला, आणि आता मोठ्या चॅनेलच्या पैशावर आपल्याच वस्तीचा 'खराखुरा' सिनेमा काढायला परत आला होता. वस्तीतले भाऊ बहिणींना कसे बडवतात याची गोष्ट. आता गंमत अशी, की सोफियानला तीन मोठ्या बहिणी, आणि तिघी हाताने सणसणीत. त्या घरात मार खाणारा एकच जीव होता, तो म्हणजे सोफियान. अख्ख्या टॉवरला हे माहीत होतं. पण थोरलीने कानफटवलेल्या भावाच्या सिनेमाला चॅनेलवाले पैसे देत नाहीत, हे त्याला शहाणपणाने कळलं होतं. विकतं ते पिकवावं, तसं त्याने पिकवलं.

नोव्हेंबरचे दिवस. दुपार कलली की हॉलच्या काचेच्या दारातून उन्हाची एक तिरपी पट्टी थेट टपालपेट्यांवर पडायची आणि थोड्या वेळात निघून जायची. सोफियानला ती पट्टी हवी होती. त्यामुळे सगळ्यांनाच घाई. पोरं जिन्याच्या पायऱ्यांवर उभी केली, आदेलला काळं चामडी जाकीट घातलं, कुंबाच्या खांद्याला पर्स अडकवली, आणि आवाज टिपणारी नोल्वेन नावाची बाई लांब काठीला बांधलेला माइक धरून कोपऱ्यात उभी राहिली. देंबा दाराला पाठ लावून, हातांची बोटं एकमेकांत गुंतवून बघत होता.

पहिला टेक झाला. आदेल हा नाँत शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरांचा मुलगा, नाटकाच्या शाळेत शिकलेला, बोलायला अतिशय गोड. वस्तीतल्यासारखं चालायचं कसं हे त्याला याच पोरांनी शिकवलं होतं. त्याने कुंबाचा दंड धरला, हात फिरवला, कुंबाने मान वळवून टपालपेट्यांवर अंग टाकलं. पोरं हसली. पण ती आदेलला हसली.

"डास मारला," वेस्ली म्हणाला.

कुंबा मात्र उठली, पर्स खांद्यावर सारली आणि म्हणाली, "झालं? आता बाजूला हो. मला कामाला जायचंय."

पोरांचं हसणं थांबलं. वेस्लीनेसुद्धा तोंड मिटलं. देंबाला छातीत एकदम बरं वाटलं. ही आपली बहीण, असं त्या सगळ्यांना ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. वाक्य खरंच चांगलं होतं, आणि तिने ते चढ्या आवाजात न म्हणता, दुकानात सुटे पैसे मागावेत तसं म्हटलं होतं.

दुसरा टेक तसाच. तिसऱ्याला आदेलने हात जोरात फिरवला तर तो कुंबापासून इतका लांबून गेला की कॅमेऱ्यामागचा माणूसही हसला. उन्हाची पट्टी खालच्या पेट्यांपर्यंत उतरली होती. सोफियानने दोन्ही हातांनी केस मागे सारले आणि आदेल आणि कुंबाला जवळ ओढलं. तो हळू बोलत होता, पण हॉल रिकाम्या पिंपासारखा घुमतो. देंबाला शब्दन् शब्द ऐकू आला.

"सगळं खोटं वाटतंय. एकदाच खरी मारू. एकच, मग संपलं."

"मी खरी नाही मारणार," आदेल म्हणाला.

"तू नट आहेस ना?"

"म्हणूनच नाही मारणार."

सोफियान कुंबाकडे वळला. "तुझं काय? एकच टेक."

कुंबाने विचारलं, "माझं वाक्य राहील?"

"राहील."

"शब्द देतोस?"

"दिला."

"मग चालेल," कुंबा म्हणाली.

हे 'चालेल' देंबाच्या डोक्यात गेलं. तो दार सोडून हॉलच्या मधोमध आला. कॅमेऱ्यामागच्या माणसाने पाय आपटले, कोणीतरी "अहो, अहो" केलं, पण त्याला थोपवायला तिथे कोण होतं? थोपवणारा तोच होता.

"काय चालेल?" देंबाने विचारलं.

"भावा, काम चाललंय आमचं," सोफियान म्हणाला. "तिची हरकत नाही."

"माझी आहे."

"दादा, तू दारात उभा राहा," कुंबा दबक्या आवाजात म्हणाली. "मी सांगितलं होतं तुला."

पण जिन्यावर पोरं होती, आणि पोरांचे डोळे होते. रोज संध्याकाळी हीच पोरं याच पायऱ्यांवर बसून कोण वाघ आणि कोण शेळी ते ठरवतात. एका परक्याने देंबादादाच्या बहिणीच्या मुस्काटात मारली आणि दादा नारिंगी जाकीट घालून दाराची राखण करत होता, ही गोष्ट उद्या दोन नंबरच्या टॉवरपर्यंत पोचली असती. देंबाला ते स्पष्ट दिसलं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं तो बोलून गेला:

"माझ्या बहिणीवर परक्याचा हात पडणार नाही. सगळ्यांनी ऐका. तिच्यावर हात उचलायची वेळ आलीच, तर तो मी उचलीन. तो हक्क माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. "बोलला दादा," इलियेस म्हणाला.

खरं सांगायचं तर हे वाक्य देंबाने रचलेलंच नव्हतं. या जिन्यावर, गॅरेजात, लग्नाच्या पंगतीत, काकांच्या आणि मामांच्या तोंडी त्याने ते लहानपणापासून ऐकलं होतं. ते तयार होतं, तोंडात आलं, बाहेर पडलं. आपण बहिणीची बाजू घेतली असंच त्याला वाटत होतं. त्याने कौतुकाच्या अपेक्षेने कुंबाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, पण कौतुकाने नाही. बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूस अचानक आपल्याशी बोलायला लागला की आपण जसं बघतो, तशी ती बघत होती.

 सोफियान हळूच म्हणाला, "हे. नेमकं हेच. मी दोन वर्षं लिहितोय, आणि हे वाक्य मला सुचलं नव्हतं." तो आदेलकडे वळला. "लिहून घे. थोबाडीत मारायच्या आधी तू हे म्हणायचं." आणि मग परत देंबाकडे. "आणि हात तूच उचल."

"काय?"

"आदेलचं जाकीट घाल. कॅमेरा तुझ्या खांद्याच्या मागे ठेवतो. तुझी पाठ आणि हात, एवढंच दिसेल. तोंड आदेलचं नंतर घेऊ."

"डोकं फिरलंय का तुझं? तुझ्या घरात कोण कोणाला मारायचं ते सांगू का इथे?"

पोरं खो खो हसली. सोफियान कानापर्यंत लाल झाला, आणि तिथे गोष्ट बिघडली. कारण मघापर्यंत त्याला फक्त सीन हवा होता, आता त्याला देंबा हवा होता.

"मग घरी जा," तो म्हणाला. "आदेल नाही म्हणाला तर दुसरा मारेल. वेस्ली मारेल. तिचा होकार आहे, सही आहे. नाहीतर तिचा हात धर आणि ओढत वर घेऊन जा. ने. कॅमेरा चालू ठेवतो, तेही चालेल मला."

इकडे आड आणि तिकडे विहीर. देंबा निघून गेला असता तर कोणा उपटसुंभाचा हात तिच्या गालावर पडला असता. तिला ओढून नेलं असतं तर सिनेमातला भाऊ तोच झाला असता, तोही फुकटात. तो उभ्या उभ्या विचार करत होता आणि सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. मग त्याला एक वाट दिसली असं वाटलं. हात आपला असेल तर लगामही आपल्याच हातात. उचलायचा, आणि गालाच्या वितभर अलीकडे थांबवायचा. कोणाला काही होणार नाही, तिचं वाक्य राहील आणि आपली लाजही राहील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण ते त्याला तेव्हा कळलं नाही. त्याने नारिंगी जाकीट काढून इलियेसच्या हातात दिलं.

चामडी जाकीट त्याला दंडात आवळत होतं. कुंबाला सांगावं, मी लावणार नाही, एवढंच, म्हणून तो पुढे झाला तर सोफियान मध्ये आला.

"बोलायचं नाही आता. ताजं हवंय मला."

"एक शब्द सांगायचाय."

"नंतर सांग. ऊन चाललं."

देंबाने डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. पण कुंबा त्याच्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. बसचं मोठं स्टिअरिंग फिरवून फिरवून त्या हाताचा पंजा रुंद झालेला, बोटं जाड. याच हाताला धरून ती शाळेत गेली होती.

"अॅक्शन," सोफियान म्हणाला.

देंबाने तिचा दंड धरला. तो घट्ट होता आणि थंड. त्याने हात उचलला, खांद्याच्या वर नेला आणि खाली आणला. मनाशी ठरवलं होतं तिथेच, वितभर अलीकडे, तो थांबवलाही.

पण हात थांबायच्या आधीच कुंबा तिथे नव्हती. उशी घेऊन केलेला सराव, मान वळवणं, अंग टाकणं, त्यातलं काहीच तिने केलं नाही. तिने डोळे गच्च मिटले, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मांजराचं पिल्लू कोपऱ्यात शिरतं तशी ती खाली बसली. तिचा खांदा पत्र्याच्या पेट्यांवर आदळला. तिच्या तोंडातून एक बारीक आवाज आला. देंबाने तो आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. ती लहान असताना सायकलवरून पडली तेव्हासुद्धा नाही.

ज्यांना हसायचे पैसे मिळणार होते ती पोरं हसायला विसरली. कुंबा उठली नाही. तिचे हात डोक्यावरच होते. देंबाचा हात हवेत तसाच राहिला होता, आणि तो खाली कसा घ्यायचा हे त्याला सुचेना.

"कट," सोफियान बऱ्याच वेळाने कुजबुजला.

"मी लावली नाही," देंबा म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यालाही माहीत नव्हतं. "कोणी बघितलं का? मी हात लावला नाही तिला."

कुंबाने हात खाली घेतले. आपण कुठे आहोत हे तिला हळूहळू आठवत गेल्यासारखं दिसलं. ती पेटीला धरून उठली. "माझं वाक्य राहिलं," ती म्हणाली. "परत घेऊ या. मी विसरले."

"परत कशाला?" सोफियानच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नाही, खरंच होतं. "तू केलंस काय ते माहीत आहे का तुला? ते दोन हात? त्यापुढे कसलं वाक्य?"

"तू शब्द दिला होतास."

"थोबाडीत जमली तर, असा दिला होता. थोबाडीत बसलीच कुठे?" तो हसून म्हणाला आणि तिच्या खांद्यावर थोपटायला गेला. तिने खांदा काढून घेतला. "कुंबा, ऐक माझं. ही बाई आता बोलली तर सगळं मोडेल. लोक रडतील तुला बघून. कोणी तुला विसरणार नाही."

"मला रडायला नको होते लोक," कुंबा म्हणाली.

तिने पेट्यांकडे पाहिलं. उन्हाची पट्टी गेली होती. परत घ्यायचा प्रश्नच उरला नव्हता. ती पर्स सोफियानच्या मदतनिसाच्या हातात देऊन लिफ्टकडे गेली. देंबा तिच्यामागे दोन पावलं गेला, पण लिफ्टचं दार मिटलं.

त्यानंतर जे झालं ते देंबाला पुढे कितीतरी दिवस झोपू देणार नव्हतं. नोल्वेनने सांगितलं की थोबाडीचा आवाज वेगळा टिपायचाय, कोणीतरी मांडीवर हात मारा. झालं, पोरांच्या अंगात आलं. वेस्लीने मांडीवर मारून दाखवली. इलियेस म्हणाला, ही काय, ही तर पोरीबाळींची टाळी झाली. त्याने स्वतःच्या मानेवर मारली. तिसऱ्याने दोन तळवे पोकळ धरून काढला तसला आवाज. "बहिणीला अशी नाही, बायकोला अशी," कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. नोल्वेन ओठ घट्ट मिटून माइक धरून उभी होती. तिला एकच हवा होता आणि तिला वीस मिळाले.

"पण दादाच्या हाताला तोड नाही," इलियेस म्हणाला. "मी जिन्यावर होतो, तिथपर्यंत आवाज आला."

"मी लावलीच नाही," देंबा म्हणाला.

"हो हो, दादा." इलियेसने डोळा मारला. "नाही लावलीस."

आणि पोरं त्याच्याकडे सकाळपेक्षा जास्त आदराने बघत होती.  देंबाने सोफियानला गाठून सांगितलं की ते मघाचं वाक्य काढून टाक, ते मी रागात बोललो. सोफियान वायरी गुंडाळणाऱ्यांना सूचना देत होता. "सगळ्यांसमोर बोललास, भावा," तो म्हणाला. "ते आता तुझं कुठे राहिलं?" कोपऱ्यात आदेल कागद हातात घेऊन तेच पुटपुटत होता. देंबाला बघून तो अदबीने पुढे आला आणि म्हणाला, "दादा, जोर कशावर द्यायचा? 'हक्क'वर, की 'माझा'वर?"

 देंबा दाराशी जाऊन उभा राहिला, मघाच्याच जागी.

लिफ्ट उघडली आणि कुंबा बाहेर आली. तोंड धुतलेलं, कामावरचे पांढरे बूट, पाठीला पिशवी. आईने डब्यात शेंगदाण्याच्या रश्शातला भात दिला असणार, त्याचा वास येत होता. ती सरळ दाराकडे आली. दारात देंबा.

"मी लावणार नव्हतो," तो म्हणाला. "ठरवलं होतं मी. तुला सांगायला येत होतो, त्याने येऊ दिलं नाही."

"लावली नाहीस. डोळे उघडल्यावर कळलं मला."

"मग ते हात... तो अभिनय होता ना?"

"नाही."

"कुंबा, तू एवढीशी होतीस तेव्हापासून, मी एकदा तरी तुझ्यावर हात टाकलाय?"

"कधीच नाही." ती शांतपणे बोलत होती, आणि त्याचंच त्याला जास्त भय वाटलं. "म्हणून मी समजत होते की तू मारणाऱ्यातला नाहीस. आज कळलं की तसं नाही. तुझ्याकडे हक्क आहे, आणि तू तो वापरत नाहीस एवढंच. एवढी वर्षं मी तुझ्या मेहरबानीवर चालत होते, दादा, आणि मला वाटत होतं की मी आपली आपण चालतेय."

"ते मी नुसतं बोललो. पोरांसमोर. तुझ्यासाठीच बोललो."

"माहीत आहे. आणि हात वर गेला तेव्हा मला तेवढंच आठवलं. माझं वाक्य नाही आठवलं."

 जिन्यावरची पोरं कान टवकारून ऐकत होती. दादाला बहीण उलट बोलतेय, तीही दारात, तीही एवढ्या जणांसमोर. आता दादा काय करतो, हे त्यांना बघायचं होतं. देंबाला पाठीवर त्यांच्या नजरा जाणवत होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं. त्याच्या घशात पुन्हा एक तयार वाक्य येऊन बसलं होतं, वर जाऊन बोलू, असं काहीतरी, मोठ्या भावाच्या आवाजातलं. ते त्याने गिळलं. ते गिळायला किती जड गेलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

कुंबाने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारला आणि त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"झालं?" ती म्हणाली. "आता बाजूला हो. मला कामाला जायचंय."

कॅमेरा झाकून ठेवलेला होता. नोल्वेनचा माइक पेटीत गेला होता. ते वाक्य टिपायला कोणीही नव्हतं, आणि मघाच्या तिन्ही वेळांपेक्षा ते आत्ता जास्त नीट आलं होतं.

देंबा बाजूला झाला. जिन्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं. दार जड होतं, तिच्यासाठी ते ओढून धरावं म्हणून त्याने सवयीने हात उचलला, आणि कुंबाची मान मागे गेली. किंचितच. ती स्वतः ओशाळली, पण गेली ती गेलीच.

देंबाने हात खाली घेतला आणि खिशात घातला. दार तिनेच खांद्याने ढकललं आणि ती थांब्याकडे गेली. बस आली. चालवणारा देंबाच्याच डेपोतला होता. काचेआडून त्याने देंबाला ओळखलं, हॉर्न दिला आणि हात हलवला. देंबाचा हात काही खिशातून निघाला नाही.